नेटवर्किंग आणि टेलिकॉमची परवडणारी पदवी: तीन पर्यायांची तुलना कशी करू?

क्रिम्पर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

मी दोन वर्षांपासून नेटवर्क केबलिंगचं काम करतो. डक्टमधून केबल ओढायची, पॅच पॅनेलवर पंच करायची, आरजे-४५ (केबलच्या टोकाचा प्लग) क्रिम्प करून टेस्टर लावायचा. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, हा तारांच्या रंगांचा टी५६८बी क्रम आता झोपेतही चुकत नाही. टेस्टरवर आठ दिवे ओळीने लागले की माझं काम संपतं. मग दुसरा एक जण लॅपटॉप घेऊन येतो, स्विचला निळी कन्सोल केबल लावतो, काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप करतो आणि नेटवर्क चालू होतं. तो काय टाइप करतो, ते मला शिकायचंय. आणि त्याने टाइप केल्यावर माझ्या त्या आठ तारांमधून नेमकं काय जातं, तेही.

शिक्षण बारावी विज्ञान. पैसे मोजके आहेत, घरी दर महिन्याला काही रक्कम द्यावी लागते. तीन पर्याय समोर आहेत:

क) संध्याकाळच्या वर्गांची तीन वर्षांची आयटी पदवी, नेटवर्किंग हा मुख्य विषय. नोकरी चालू ठेवता येईल. तिघांत फी सगळ्यात जास्त.

ख) सरकारी विद्यापीठातली चार वर्षांची टेलिकॉम अभियांत्रिकी. फी सगळ्यात कमी, पण पूर्ण वेळ.

ग) ऑनलाइन पदवी. सहा महिन्यांच्या सत्राची ठरावीक फी, त्यात जितके विषय पूर्ण कराल तितके. काही सर्टिफिकेशनच्या परीक्षा त्यातच धरलेल्या.

फीचे आकडे शेजारी शेजारी मांडले तर ख लगेच जिंकतो. पण मन मानत नाही. फी सोडून आणखी काय बघायचं असतं?

राउटरवाली

धागा काढलास ते बरं केलंस. हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं.

तुझ्या यादीतला क आणि ख हे एकाच गोष्टीचे स्वस्त-महाग प्रकार नाहीत. ते दोन वेगळे धंदे आहेत, आणि आधी तेवढं वेगळं करून घे.

नेटवर्किंगची पदवी गृहीत धरते की बिट्स तारेतून पोचतातच, आणि विचारते की पॅकेट कुठल्या वाटेने जायचं, कोणी अडवायचं, वाट तुटली तर दुसरी कशी सापडायची. स्विचिंग, व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्कं), राउटिंग, लिनक्स, फायरवॉल आणि हल्ली पायथन. टेलिकॉमची पदवी त्याच्या आधीपासून सुरू होते. बिट पोचतो कसा, गोंगाटात तो ओळखायचा कसा, एका फ्रिक्वेन्सीवर किती बोलणी बसतात. सिग्नल्स, मॉड्युलेशन, अँटेना, फायबर, संभाव्यता.

वर जाताना दोन्ही मिसळतात हे खरं. ५जीचा कोअर आज सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर आहे आणि त्याचे भाग एकमेकांशी एचटीटीपी/२ वर बोलतात. म्हणजे टेलिकॉमवाल्याला सर्व्हर आणि नेटवर्क येणं भाग आहे. पण पहिली नोकरी मिळताना मिसळलेलं काही नसतं. मी दिवसभर काय करते? तक्रार आली की लॉग बघते, ट्रेसरूट मारून पॅकेटची वाट बघते, कुठल्या राउटरवर बीजीपीचं (नेटवर्कांनी एकमेकांना वाटा कळवायची पद्धत) सेशन पडलंय ते शोधते. या कामात फूरिएचं गणित (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करायचं) मला कधी लागलं नाही. आमच्याच शेजारच्या रेडिओ प्लॅनिंगच्या टीमला त्याशिवाय एक दिवस जात नाही.

तू लिहिलंयस की तो माणूस काय टाइप करतो ते शिकायचंय. ते क मध्ये आहे. पण पुढचं वाक्य वाचलं, तारांमधून काय जातं, आणि थांबले. ते ख मध्ये आहे. तुला खरंच कुठलं जास्त हवंय?

प्रकाशतंतू

राउटरवाली ताईंशी सहमत. मी वीस वर्षं फायबरवर आहे, म्हणून दुसऱ्या बाजूनेही थोडं लिहितो.

टेलिकॉममधलं गणित म्हणजे काय, याचं रोजच्या कामातलं उदाहरण देतो. दोन ठिकाणं ४० किलोमीटर लांब आहेत. १५५० नॅनोमीटरवर चांगल्या फायबरचं नुकसान किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल असतं, आपण हिशोबाला ०.२५ धरू. झाले १० डेसिबल. वाटेत १० स्प्लाइस (फायबरचे जोड), प्रत्येकी ०.१ धरले तर १ डेसिबल. दोन टोकांचे दोन कनेक्टर, प्रत्येकी ०.५, आणखी १. एकूण १२. ट्रान्समीटर ० डीबीएम (म्हणजे १ मिलीवॉट) सोडतोय, म्हणजे पलीकडे उणे १२ डीबीएम पोचणार. रिसीव्हरला उणे १८ पर्यंत ऐकू येत असेल तर हातात ६ डेसिबल शिल्लक. उद्या केबल तुटली, पुन्हा जोडली, दोन स्प्लाइस वाढले, तरी लिंक उभी राहते.

हे गणित बेरीज-वजाबाकीचंच आहे. पण डेसिबल म्हणजे लॉगरिदम हे अंगात मुरलेलं नसेल, तर ३ डेसिबल गेले म्हणजे निम्मी पॉवर गेली हे पटकन दिसत नाही. आणि जागेवर उभं असताना ते दिसावं लागतं.

क्रिम्पर, तुझा केबलिंगचा हात कमी समजू नकोस. स्प्लाइसिंग मशीनवर बसलेल्या पदवीधरांना फायबर नीट क्लीव्ह करता (टोक सरळ कापता) येत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. टोक तिरकं कापलं जातं, मशीन पडद्यावर चूक दाखवतं आणि पोरं मशीनलाच दोष देतात. तुझ्यासारख्याला टेलिकॉमची पदवी मिळाली तर तो माणूस दुर्मीळ होईल. तरीही चार वर्षं बिनपगारी हा मोठा घास आहे, ते विसरून ख घे असं मी म्हणणार नाही.

फळा_खडू

मी नेटवर्किंग शिकवतो, गेली बारा वर्षं. वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. मी अभ्यासक्रम वाचायचा कसा ते सांगतो, कारण माहितीपत्रक सगळेच वाचतात आणि विषयांची सविस्तर यादी फारसं कोणी मागत नाही. मागा. कुठल्याही विद्यापीठाने ती द्यायला हवी. टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच.

यादी हातात आली की आधी आयपी अ‍ॅड्रेसिंगचा भाग उघडा. क्लास ए, बी, सी यांवरच आठवडेच्या आठवडे खर्ची पडत असतील तर अभ्यासक्रम जुना आहे. सीआयडीआर (वर्गांशिवाय पत्ते वाटायची पद्धत) १९९३ साली आलं आणि तेव्हापासून ती वर्गवारी इतिहासात जमा झाली. एका तासात सांगून पुढे जाण्याइतकीच तिची गरज. मग आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी आवृत्ती, शोधा. त्याचं पहिलं मानक १९९५चं आहे, आरएफसी १८८३ (आरएफसी म्हणजे इंटरनेटची मानकं लिहिलेले दस्तऐवज). इतक्या वर्षांनंतरही ते शेवटच्या प्रकरणातला 'परिचय' म्हणून येत असेल तर शिकवणाऱ्याने स्वतः ते कधी लावलेलं नाही असं समजा. राउटिंगमध्ये फक्त रिप हा जुना प्रोटोकॉल असेल आणि ओएसपीएफ, बीजीपी नुसते नावाला, तर तीच गत. शेवटी ऑटोमेशन बघा. पायथन, नेटकॉन्फ, यांग (यंत्रांचं कॉन्फिगरेशन प्रोग्रॅमने बदलायची साधनं) यांपैकी काहीच नसेल तर शंभर स्विचवर एक बदल करायला तुम्ही शंभर वेळा लॉगिन करणार आहात.

टेलिकॉमच्या यादीत मी ट्रॅफिक थिअरी शोधतो. एक साधा प्रश्न घ्या. तासाला ६० कॉल येतात, प्रत्येक सरासरी ३ मिनिटांचा. म्हणजे १८० मिनिटांचं बोलणं ६० मिनिटांत, याला म्हणायचं ३ अर्लांग. मग ३ लाइन पुरतील का? विद्यार्थी हमखास हो म्हणतात. अर्लांगचं सूत्र १९१७ सालचं आहे, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या गणितज्ञाचं. त्यात आकडे घातले तर ३ लाइनवर सुमारे ३५ टक्के कॉल परत जातात. ७ लाइन ठेवल्या तरी २ टक्क्यांहून थोडे जास्त. नकार १ टक्क्याच्या आत ठेवायचा तर ८ लाइन लागतात. सरासरीवर क्षमता ठरवायची नसते, हे ज्याला एकदा कळलं तो नेटवर्कची लिंक घेतानाही फसत नाही. हा धडा ज्या पदवीत आहे ती फीच्या बदल्यात काहीतरी देते.

आता मान्यता. इथे फार गोंधळ होतो. विद्यापीठाला मान्यता असणं आणि त्या विशिष्ट पदवीला व्यावसायिक मान्यता असणं वेगळं. देशोदेशीच्या मान्यता संस्थांनी आपसात करार केले आहेत. चार वर्षांच्या अभियांत्रिकीसाठी वॉशिंग्टन करार, १९८९चा. अभियांत्रिकी तंत्रज्ञानासाठी सिडनी करार, २००१चा. तंत्रज्ञ पातळीसाठी डब्लिन करार, २००२चा. संगणक आणि आयटीच्या पदव्यांसाठी सोल करार, २००८चा. मान्यता संस्थांच्या यादीत कार्यक्रमाचं नाव येतं, नुसतं कॉलेजचं नाही. एकाच इमारतीतला एक कार्यक्रम मान्यताप्राप्त आणि शेजारचा नाही, असं अगदी सहज असतं. परदेशी जायचं मनात असेल किंवा पुढे अधिकृत अभियंता म्हणून नोंदणी करायची असेल तर ख मध्ये हे तपासणं अनिवार्य. क मध्ये ते नसलं तर रोजच्या नोकरीत फारसं अडत नाही, पुढच्या शिक्षणात मात्र अडू शकतं.

आणि पदवीच्या नावावर जाऊ नका. संगणक शिक्षणाच्या २०२०च्या आंतरराष्ट्रीय आराखड्यात सात शाखा धरल्या आहेत आणि 'नेटवर्किंग' ही त्यात स्वतंत्र शाखा नाही. ती बहुतेक वेळा आयटीच्या पोटात असते. 'नेटवर्क अभियांत्रिकी' असं भारदस्त नाव आणि आत नेटवर्कचे तीनच विषय, असं मी पाहिलंय. आणि साध्या 'आयटी' नावाखाली आठ विषय, असंही.

अर्ध्यावरून

सर, तुम्ही मान्यतेचं लिहिलंत म्हणून माझं सांगते. दुसऱ्या कोणाचं असं होऊ नये एवढ्यासाठीच.

मी एका स्वस्त संस्थेत प्रवेश घेतला होता. नाव लिहीत नाही. फी खरोखर कमी होती, शिक्षकही मायेने शिकवायचे. दीड वर्षाने वडिलांची तब्येत बिघडली आणि शहर बदलावं लागलं. नव्या ठिकाणच्या विद्यापीठात गेले तेव्हा तिथल्या बाईंनी माझं गुणपत्रक घेतलं, एकेका विषयावर पेन्सिलने टिंब टाकत खाली आल्या, आणि चौदा विषयांपैकी चार मान्य केले. बाकीच्या विषयांचे तास आणि प्रात्यक्षिकं कुठेच लिहिलेली नव्हती, म्हणून ते जुळवता येत नव्हते. दहा विषय पुन्हा. त्यांची फी पुन्हा. वय वाढलेलं ते वेगळंच.

त्या पेन्सिलच्या टिंबांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

क्रिम्पर दादा, पैसे भरायच्या आधी तुम्ही एवढंच करा. ज्या मोठ्या विद्यापीठात पुढे कधी जावंसं वाटेल, तिथे पत्र पाठवा: या संस्थेचे हे विषय तुम्ही धरता का? उत्तर लेखी घ्या. तोंडी 'हो हो, होऊन जाईल' याला काही अर्थ नसतो.

रात्रपाळी

ताई, वाचून वाईट वाटलं. लेखी घ्या, हे अगदी शंभर टक्के.

मी ग प्रकारातून पदवी घेतली आहे, त्यामुळे त्याबद्दल लिहितो. काम एनओसीमध्ये (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात), तेही रात्री, म्हणून वर्गात बसणं शक्यच नव्हतं. असं सत्राच्या ठरावीक फीचं मॉडेल अमेरिकेतल्या वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीने मोठ्या प्रमाणावर चालवलं, ती १९९७ साली स्थापन झालेली विनानफा संस्था. आता अशा धर्तीवर इतरही शिकवतात. तत्त्व सोपं आहे. तुम्ही विषयात किती तास बसलात ते कोणी मोजत नाही, येतंय हे दाखवलं की विषय पूर्ण.

ज्याला आधीच अर्धं येतं त्याच्यासाठी हे फार स्वस्त. ज्याला शून्यातून उभं राहायचंय त्याच्यासाठी महाग, कारण सत्रांमागून सत्रं जातात आणि प्रत्येक सत्राची फी तेवढीच. मी पाच सत्रांत संपवलं, कारण चार वर्षांचा अनुभव होता. माझ्याबरोबर सुरू केलेला एक मित्र नऊ सत्रं लढला. त्याची पदवी माझ्या जवळजवळ दुप्पट खर्चाची झाली आणि कागद एकच. त्यामुळे ग ची किंमत माहितीपत्रकात छापलेलीच नसते. तुझा वेग किती, त्यावर ती ठरते.

आता तुझा हिशोब करू. चलन बाजूला ठेव आणि सगळं तुझ्या महिन्याच्या पगारात मोज. समजा ख ची चार वर्षांची सगळी फी तुझ्या ८ पगारांएवढी आहे आणि क ची २० पगारांएवढी. ख पूर्ण वेळ आहे, म्हणजे ४८ पगार बुडाले. सुट्ट्यांत काम करून १० परत मिळवलेस असं धर. तरी ८ अधिक ३८, एकूण ४६. क मध्ये पगार चालू, म्हणजे २० वर भागतं, आणि एक वर्ष आधी बाहेर. हे समजून चालायचे आकडे आहेत, तुझे खरे आकडे घाल. पण फीच्या रकान्यात जिंकणारा पर्याय या रकान्यात हरू शकतो, हे तुला दिसेल. उलटंही होऊ शकतं. ख मध्ये शिष्यवृत्ती असेल किंवा पगारी इंटर्नशिप अभ्यासक्रमातच असेल तर चित्र बदलतं. तेवढं नक्की विचार.

सर्टिफिकेशनबद्दल थोडं. राउटर-स्विच बनवणाऱ्या सिस्को कंपनीचं सीसीएनए तीन वर्षं टिकतं, मग नूतनीकरण. कॉम्पटियाच्या नेटवर्क प्लसचंही तसंच. पदवीला मुदत नसते. आणि सर्टिफिकेट बदलत राहतं: फेब्रुवारी २०२० मध्ये सिस्कोने सीसीएनएच्या वेगवेगळ्या शाखा बंद करून एकच परीक्षा केली. म्हणून ग मध्ये 'चार सर्टिफिकेशन मोफत' असं लिहिलेलं असेल तर ती पदवीच्या शेवटच्या वर्षात येतात का ते बघ. पहिल्या सत्रात घेतलेलं सर्टिफिकेट, तुझा वेग कमी असेल तर, पदवी हातात येईपर्यंत संपलेलं असेल.

क्रिम्पर

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी दादा, पगारात मोजायची कल्पना डोक्यातच आली नव्हती. माझे खरे आकडे घातले. क आणि ख मधला फरक तुम्ही धरलात त्यापेक्षा थोडा कमी आहे, पण दिशा तीच.

राउटरवाली ताई, तुमच्या प्रश्नावर दोन रात्री विचार केला. खरं सांगायचं तर दोन्ही हवंय. पण आधी टाइप करणं. तार मला निदान हाताने तरी माहीत आहे.

पुढचा प्रश्न: क आणि ग, दोघंही 'सुसज्ज प्रयोगशाळा' म्हणतात. ती सुसज्ज आहे की नाही हे बाहेरच्याला कळणार कसं?

राउटरवाली

दोन रात्री विचार केलास हे आवडलं.

प्रयोगशाळा बघायला जा, आणि वर्ग चालू असतानाच जा. रिकामी प्रयोगशाळा नेहमीच सुंदर दिसते. माझ्या कॉलेजात रॅकला काचेचं दार होतं आणि दाराला कुलूप. आत सहा राउटर, चार स्विच, सगळ्यांचे दिवे लुकलुकायचे. तीन वर्षांत ते दार आमच्यासाठी दोनदा उघडलं, दोन्ही वेळा तपासणी पथक आलं होतं तेव्हा. कन्सोल पोर्टला केबल लावायला मी शिकले ती पहिल्या नोकरीत, तेही सिनिअर चहाला गेले असताना भीत भीत.

म्हणून तिथे गेलास की रॅककडे जवळून बघ. पोर्टमधल्या केबल काढघाल करून सैल झाल्यात का? क्लिपा तुटल्यात का? तुला हे माझ्यापेक्षा चांगलं दिसेल. वापरात असलेल्या रॅकच्या केबल कधीच इतक्या सरळ नसतात. मग विद्यार्थ्यांना गाठून विचार, शिक्षकांना नको: एका रॅकवर किती जण बसता? वर्गाबाहेरच्या वेळात बसता येतं का? चुकीचं कॉन्फिगरेशन टाकून नेटवर्क पाडलं तर कोणी रागावतं का? जिथे पाडायला परवानगी आहे तिथेच दुरुस्त करायला शिकवतात.

ऑनलाइन पदवीलाही हेच लागू. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर मोफत आहे आणि सुरुवातीला उत्तम आहे, पण ते अनुकरण करतं. त्यात नसलेल्या कमांड खऱ्या यंत्रावर असतात. जीएनएस३ किंवा ईव्ह-एनजी खऱ्या राउटरचं सॉफ्टवेअर चालवतात, फक्त त्या सॉफ्टवेअरचा परवाना लागतो, तो विद्यापीठ देतं का ते विचार. परवाना नसेल तरी अडत नाही. कंटेनरलॅब आणि एफआरराउटिंग, दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, साध्या लॅपटॉपवर दहा राउटरचं जाळं उभं राहतं आणि बीजीपी खरंखुरं चालतं. हे अभ्यासक्रमात लिहिलेलं दिसलं तर शिकवणारा माणूस जागा आहे.

अवांतर: पुस्तकांवर फार खर्च करू नकोस. आरएफसी सगळ्या मोफत आहेत, मोबाइल नेटवर्कची ३जीपीपीची मानकंही. इथरनेट आणि वायफायची आयईईईची मानकं प्रसिद्ध झाल्यावर सहा महिन्यांनी मोफत डाउनलोड करता येतात. या क्षेत्राचा मूळ ग्रंथ कुलपात नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

वाचते_आहे

धागा खूप कामाचा चाललाय. मलाही हीच वाट धरायची आहे, पण बारावीला गणितात जेमतेम पास झाले. टेलिकॉमचं नाव काढायलाच नको का?

फळा_खडू

असं अजिबात नाही. नेटवर्किंगला लागणारं गणित म्हणजे बायनरी, दोनाचे घात आणि तर्क. /२६ च्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या छोट्या तुकड्यात) यंत्रांना किती पत्ते मिळतात, ६२ का आणि ६४ का नाही, हे तुम्ही एका संध्याकाळी शिकाल. टेलिकॉमला मात्र त्रिकोणमिती, समाकलन आणि संभाव्यता पक्की लागते, आणि ती पहिल्याच वर्षी लागते. विद्यापीठात पूरक गणिताचा वर्ग आहे का आणि तो फीमध्ये धरलाय का, हे विचारा. जेमतेम पास झालेले माझे कितीतरी विद्यार्थी पुढे सिग्नल्समध्ये रमले, कारण ऑसिलोस्कोपवर साइन वेव्ह डोळ्यांनी दिसली आणि मग सूत्राची भीती गेली. नापास होऊन विषय पुन्हा घ्यावा लागला तर त्याची फी असते, म्हणून घाईने उडी मात्र मारू नका.

प्रकाशतंतू

+१ ऑसिलोस्कोपला.

क्रिम्पर

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला.

क च्या संस्थेत शनिवारी जाऊन आलो. वर्ग चालू होता. राउटरवाली ताई, रॅकची दारं काढून कोपऱ्यात उभी केली होती. पॅच केबल बघितल्या: तीन क्लिपा तुटलेल्या, दोन ठिकाणी क्रिम्प चुकलेला, बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत गेलेलंच नाही. बघून मला राहवलं नाही, खिशात क्रिम्पर होताच, दोन्ही टोकं कापून परत करून दिली. तिथली एक विद्यार्थिनी म्हणाली, आम्ही मागच्या आठवड्यात स्पॅनिंग ट्री (स्विचमधले लूप टाळणारी यंत्रणा) मुद्दाम बंद करून लूप केला होता, सगळे स्विच वेड्यासारखे लुकलुकत होते, सरांनी फक्त विचारलं 'आता काय कराल?' शनिवार-रविवार प्रयोगशाळा उघडी असते. एका रॅकवर चौघं.

अभ्यासक्रम मागितला, लगेच मिळाला. आयपीव्ही६ दुसऱ्या सत्रापासून प्रत्येक विषयात आहे. ऑटोमेशनचा पूर्ण विषय. ट्रॅफिक थिअरी नाही.

अर्ध्यावरून ताई, तुम्ही सांगितलंत तसं ख च्या विद्यापीठाला पत्र पाठवलं. कालच उत्तर आलं, सहीशिक्क्यानिशी. क मधले गणित, प्रोग्रॅमिंग आणि नेटवर्किंगचे मिळून नऊ विषय ते धरतील, बाकीचे नाहीत. म्हणजे उद्या टेलिकॉमकडे वळायचं झालं तर सगळं पाण्यात जाणार नाही. शिवाय क च्या विभागप्रमुखांनी सांगितलं की शेवटच्या वर्षी दोन ऐच्छिक विषय शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातून घेता येतात. त्यात ऑप्टिकल कम्युनिकेशन आहे. प्रकाशतंतू काका, तुमचं ४० किलोमीटरचं गणित मी वहीत उतरवून ठेवलंय.

ग सोडला. माझा वेग मला अजून माहीत नाही, आणि अनुभव तारेचा आहे, टाइप करायचा नाही.

काल क चा अर्ज भरला. वर्ग दोन महिन्यांनी सुरू होतील, तोवर पॅकेट ट्रेसर घेऊन बसलोय. आणि पहिल्याच दिवशी अडकलोय. दोन पीसी, मध्ये एक स्विच. एकाला १९२.१६८.१०.२० दिलाय, दुसऱ्याला १९२.१६८.१०.७०. मास्क (पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) दोघांना २५५.२५५.२५५.१९२. पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का बघायची चाचणी) जात नाही. सवयीने आधी केबल बदलून बघितली. दिवे हिरवे आहेत.

राउटरवाली

अभिनंदन! अगदी मनापासून.

केबल ठीक आहे. २० आणि ७० बायनरीत लिही, आणि मास्कमधला १९२ त्यांच्या वर लिही. उत्तर सांगणार नाही.

क्रिम्पर

१९२ म्हणजे ११००००००. म्हणजे पहिले दोन बिट नेटवर्कचे.
२० म्हणजे ०००१०१००.
७० म्हणजे ०१०००११०.

एकाचे पहिले दोन ००, दुसऱ्याचे ०१. दोघं वेगळ्या नेटवर्कमध्ये आहेत! एकाच स्विचवर असून. केबल शेजारी शेजारी असून.

क्रिम्पर

दुसऱ्या पीसीला .३० देऊन सुटलो असतो, पण तसं केलं नाही. दुसरा स्विच घेतला आणि मध्ये राउटर टाकला. एका बाजूला .१, दुसऱ्या बाजूला .६५, दोन्ही पीसींना आपापला गेटवे दिला, राउटरचे दोन्ही पोर्ट 'नो शटडाउन' केले, म्हणजे चालू केले. ही कमांड मी स्वतः टाइप केली.

चार पिंगपैकी पहिला टाइमआउट झाला, पुढचे तीन आले. पुन्हा केलं तर चारही आले. पहिल्या वेळी एक का गेला?

रात्रपाळी

पॅकेट राउटरपर्यंत पोचलं, पण पलीकडच्या पीसीचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) त्या क्षणी राउटरला माहीत नव्हता. त्याने तो विचारला, आणि उत्तर येईपर्यंत हातातलं पॅकेट टाकून दिलं. दुसऱ्याच्या वेळी पत्ता तयार होता. या विचारण्याला एआरपी म्हणतात. आरएफसी ८२६, १९८२ची. छोटी आहे, आज रात्रीच वाचून होईल.

क्रिम्पर

उघडली.